फणस नर नव्हता

परवा आपल्या सोलापूरच्या एका ग्रुपवर फोटो आला. तळहातावर गुंडाळी करून बसलेला हेजहॉग आणि खाली मजकूर: "मुलांच्या वाढदिवसाला हटके गिफ्ट! सांभाळायला सोपा, वास नाही, आवाज नाही, आजारी पडत नाही." खाली पन्नासेक बदाम. मी एवढंच लिहिलं की 'आजारी पडत नाही' हे खोटं आहे. त्यावर एका पोराचं उत्तर आलं, "काका, प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह कशाला?"

म्हणून हे सविस्तर लिहितोय. एरवी मी इथं पाण्याचं रोटेशन, रस्ते, ड्रेनेज यांवर लिहितो. आज साडेतीनशे ग्रॅमच्या एका प्राण्यावर लिहिणार आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आमच्या घरी हेजहॉग होता. होती म्हणायला पाहिजे, पण ते पुढे येईल. मुलीने हट्ट धरला, दुकानदाराने मोबाईलवर फोटो दाखवला, आठ दिवसांत मागवून दिला. आठ हजार रुपये. पावती नाही, वयाचा कागद नाही. "नर आहे, नर शांत असतात," एवढं तोंडी सांगितलं. अंगावर काटे आणि आत गोडवा म्हणून मुलीने नाव ठेवलं फणस. आमची आई मात्र शेवटपर्यंत त्याला साळिंदराचं पिल्लूच म्हणत राहिली. साळिंदराशी त्याचं काही नातं नाही. हा मूळचा आफ्रिकेतला प्राणी, किडे खाणारा, रात्री जागणारा. आपल्याकडे विकतात ते हेच आफ्रिकी बुटके हेजहॉग.

जवळपास तीन वर्षं सगळं छान चाललं. मग एका जानेवारीत सकाळी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कापडावर लालसर डाग दिसले. पहिल्या दिवशी वाटलं बीट खाल्लं असेल. पण घरात बीट आलंच नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं. कुठल्या, ते सांगणार नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. त्यांनी जाड हातमोजे घालून फणसला उचललं. फणसने अर्थातच गुंडाळी केली. त्यांनी ती काट्यांची गुंडाळी इकडून तिकडून फिरवून पाहिली आणि विचारलं, "नर ना?" मी म्हटलं, हो. कागदावर लिहिलं: नर, लघवीचं इन्फेक्शन. सात दिवसांचं अँटिबायोटिक.

सात दिवसांनी डाग कमी झाले. आम्ही खूश. दहा दिवसांनी परत आले. परत तेच औषध, या वेळी दहा दिवस. मग दुसरे डॉक्टर. ते म्हणाले मूतखडा असेल, औषध तेच, सोबत एक टॉनिक. असे सहा आठवडे गेले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर फणस चारशे दहावरून तीनशे तीसवर आला. माणसाच्या हिशेबात सांगायचं तर सत्तर किलोचा माणूस दीड महिन्यात छप्पन्न किलोवर आला. त्या सहा आठवड्यांत एकाही माणसाने, आणि त्यात मीसुद्धा आलो, त्या प्राण्याचं पोट बघितलं नव्हतं.

शेवटी कुणीतरी पुण्यातल्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं, ज्या असले प्राणी बघतात. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. गाडीचा एसी लावून, बुटाच्या खोक्यात मऊ कापड घालून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत अडीचशे किलोमीटर गेलो. मुलगी खोकं मांडीवर घेऊन बसली होती, वाटेत एक शब्द बोलली नाही.

तिथं जे झालं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. बाईंनी फणसला उलगडायचा प्रयत्नच केला नाही. हेजहॉगच्या काट्यांखाली कडेने एक गोल स्नायू असतो. पिशवीची नाडी ओढावी तसा तो आवळला की प्राणी बंद. जबरदस्ती केली तर आणखी बंद. त्यांनी त्याला एका छोट्या पारदर्शक डब्यात ठेवलं, त्यात भुलीचा गॅस सोडला, आयसोफ्लुरेन. काही मिनिटांत गुंडाळी आपोआप सैल झाली. बाईंनी उताणं केलं, एक नजर टाकली आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ही मादी आहे."

बास. सहा आठवड्यांचं औषध त्या तीन शब्दांत निकालात निघालं. मादी हेजहॉगच्या लघवीत रक्त दिसलं तर पहिला संशय गर्भाशयावर घ्यायचा असतो. रक्त येतं गर्भाशयातून, मिसळतं लघवीत, आणि आपण समजतो की मूत्राशय बिघडलं. तीन वर्षांच्या आसपासच्या मादीमध्ये त्यामागे बहुतेक वेळा गाठ असते. त्यांनी लगेच सोनोग्राफी केली, पोटात गाठ दिसली. भूल असतानाच रक्ताचा नमुना घेतला, छातीचा एक्स-रे काढला, फुप्फुसात काही पसरलंय का बघायला. सगळं मिळून अर्धा तास.

दोन दिवसांनी ऑपरेशन करून गर्भाशय आणि अंडाशय काढले. काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत लॅबला गेला. रिपोर्ट आला: कर्करोग. गाठ गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर पडायला लागली होती. बाई स्पष्ट बोलल्या, "आधी आली असतीत तर जास्त खात्रीने बोलले असते. आता किती महिने, सांगता येणार नाही."

सात महिने मिळाले. त्यातले सहा चांगले होते. रात्री चाकावर धावायची, अळ्या खायची, वजन तीनशे नव्वदवर गेलं. नवरात्रात पोट परत फुगलं, खाणं थांबलं, आणि आम्ही पुण्याला जाऊन तिला शांतपणे झोपवून आणलं. नाव फणसच राहिलं.

ही झाली आमची गोष्ट. आता राग कशाचा आहे ते सांगतो.

पहिला राग त्या 'आजारी पडत नाही' वर. पाळलेल्या हेजहॉगमध्ये कर्करोग हा अपवाद नाही. मेलेल्या हेजहॉगच्या शवविच्छेदनाचे जे अभ्यास परदेशात झालेत, त्यांत साधारण एक तृतीयांश ते निम्म्या प्राण्यांत गाठी सापडल्यात, आणि सापडलेल्या गाठींपैकी बहुतेक घातक निघाल्यात. वय तीनच्या पुढे गेलं की धोका वाढतो. या प्राण्याचं आयुष्यच चार ते सहा वर्षांचं. म्हणजे पाचवीतल्या मुलाला तुम्ही हे 'गिफ्ट' दिलंत, तर तो आठवी-नववीत जाईपर्यंत घरात कर्करोग येण्याची शक्यता बरीच आहे. ती कुठं कुठं दिसते? मादीत गर्भाशय आणि स्तनग्रंथी. नर-मादी दोघांत तोंडातला कर्करोग, जो सुरुवातीला थेट हिरडी सुजल्यासारखा, दात हलल्यासारखा दिसतो. आणि लसिका ग्रंथींचा. हे कुठलंही गुपित नाही, असल्या प्राण्यांवरच्या कुठल्याही पशुवैद्यकीय पुस्तकात मिळेल. इतका का होतो? एक कारण बहुधा रक्तातच आहे. अमेरिकेत हा प्राणी पाळायची टूम निघाली, मग 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लाळ्या-खुरकुताच्या भीतीने आफ्रिकेतून आणणं बंद झालं. तिथं आधी पोहोचलेल्या थोड्याशा प्राण्यांतूनच पुढच्या पिढ्या काढल्या गेल्या. जवळच्या नात्यात लग्नं लावत गेल्यावर काय होतं, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

दुकानदाराला हे माहीत नसेल, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण ज्याला नर-मादी ओळखता येत नाही, त्याने प्राणी विकावा का? हेजहॉगमध्ये ते ओळखायला शिक्षण लागत नाही. पोटाकडून बघितलं की नराचं इंद्रिय पोटाच्या मध्यावर बेंबीसारखं दिसतं, मादीत ते शेपटीजवळ असतं. त्याने बघितलं नव्हतं. किंवा बघितलं होतं आणि आम्हाला नर हवा म्हणून नर सांगितला. आणि माझं काय? तीन वर्षं प्राणी माझ्या घरात होता. काचेच्या खालून बघितलं असतं तरी कळलं असतं. आठ हजार मोजताना मी फक्त पिंजऱ्याचा रंग विचारला होता.

कायदा काय म्हणतो, तेही बघितलं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018चे केंद्राचे नियम आहेत. दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. 2024मध्ये विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, पण ते आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस यादीतल्या प्राण्यांसाठी. मकाव पोपट असेल तर सरकारी पोर्टलवर नोंदवायचा. हेजहॉग त्या यादीत नाही, म्हणून तो नोंदवायचा नाही. परिणामी आपल्या जिल्ह्यात असे किती प्राणी आहेत, कुठून येतात, कशाने मरतात, कुणालाच ठाऊक नाही. खोक्यातून येतात आणि खोक्यातून जातात.

दुसरा राग माझ्या डॉक्टर मित्रांवर, आणि तो जरा जपून मांडतो, कारण त्यांची बाजू मला माहीत आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि तिचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांवर आहे. असलाच पाहिजे. सोलापूरच्या डॉक्टरला हेजहॉगची शस्त्रक्रिया यावी, असं मी म्हणतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे की "मला यातलं येत नाही" हे वाक्य कुणीच उच्चारलं नाही. ते पहिल्या दिवशी बोललं गेलं असतं, तर आम्ही जानेवारीतच भिगवण ओलांडलं असतं.

इथं मला आजोबा आठवतात. सांगोला तालुक्यात आमचं गाव. मी सातवी-आठवीत असेन. आजोबांचा खिलार बैल डोकं झटकायला लागला, मग एका नाकपुडीतून रक्त ठिबकायला लागलं, मग त्याच बाजूचं शिंग कलंडलं. गावातल्या जाणत्यांनी दृष्ट काढली, कुणी शिंगाला बिब्बा लावला. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. शिंगाच्या बुडाला दाबून बघितलं, नाकपुडीत बॅटरी मारली आणि पाच मिनिटांत म्हणाले, "शिंगाचा कॅन्सर आहे. शिंग बुडातून काढावं लागेल. माझ्याकडे त्याची सोय नाही. उद्याच्या उद्या सोलापूरला न्या." आजोबांनी टेम्पो केला. शिंग काढलं. तो एकशिंगी बैल पुढे चार वर्षं औताला चालला.

म्हणजे 'जनावराला कुठं कॅन्सर असतो होय' म्हणून हसणाऱ्यांनी आधी आपल्या गोठ्यात विचारावं. शिंगाचा कर्करोग हा आपल्या देशी, मोठ्या शिंगांच्या, खच्ची केलेल्या बैलांचा जुना शत्रू आहे आणि आपले पशुवैद्य तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आलेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर जी फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते, तोही कर्करोगच, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला संगातून लागणारा. त्यावर व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी देतात आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे व्हिनक्रिस्टीन मिळतं सदाफुलीपासून. आपल्या तुळशीशेजारी असते तीच सदाफुली. तेव्हा प्राण्यांच्या कर्करोगाचं ज्ञान आपल्याकडे नाही, ही सबब मी ऐकणार नाही. ज्ञान आहे. शिस्तही आहे: आधी बघा, मग बोला, जमत नसेल तर पुढे पाठवा. टेबलावर छोटा, महागडा, परदेशी प्राणी आला की ही शिस्त जाते कुठं? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून अँटिबायोटिक?

आता कुणी म्हणेल, माणसांना उपचार मिळेनात आणि तुम्ही उंदराएवढ्या जिवावर हजारो उडवता. खर्च सांगतो, लपवायचं कारण नाही. तपासण्या, ऑपरेशन, रिपोर्ट, दोन-तीन फेऱ्यांचं डिझेल धरून छत्तीस हजार गेले. त्यातले चुकीच्या औषधांवर गेलेले चार हजार आणि सहा आठवडे मला जास्त बोचतात. माणसांचंच उदाहरण घ्या. बार्शीला कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे, आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी तिथल्या बाकांवर रात्री काढल्यात. त्या घरातली अडाणी म्हातारीसुद्धा सांगते, "आधी तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट आला की बघू." तुकडा तपासल्याशिवाय गाठीला नाव देता येत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. मग प्राण्याच्या बाबतीत आपण ते का विसरतो? तपासणी ही चैन वाटते आणि अंदाजाचं औषध मात्र स्वस्त वाटतं. ते स्वस्त पडत नाही, हे मी पैसे मोजून शिकलोय.

आणि तपासणी म्हणजे दर वेळी ऑपरेशनच, असंही नाही. कधीकधी तपासणीतून कळतं की काही करू नका. फणसच्या वेळी पुण्याच्या दवाखान्यात आणखी एक कुटुंब भेटलं. त्यांच्या नर हेजहॉगच्या तोंडात सूज, दोन महिने दाताचं इन्फेक्शन म्हणून औषध चाललेलं. तुकडा तपासला तर तोंडाचा कर्करोग, जबड्याच्या हाडात घुसलेला. बाईंनी त्यांना ऑपरेशन सुचवलंच नाही. वेदनेचं औषध, सिरिंजने पातळ खाणं आणि किती दिवस ओढायचं याचा विचार. किमोथेरपीचं त्या गृहस्थांनी विचारलं, तर म्हणाल्या की हेजहॉगसाठी नीट पडताळलेला डोस नाही, मी याच्यावर प्रयोग करणार नाही. ते गृहस्थ रडले, पण चिडले नाहीत. निघताना म्हणाले, निदान आता आम्ही त्याला रोज जबरदस्तीने कडू औषध तरी पाजणार नाही. काही न करणं हासुद्धा उपचाराचा निर्णय असू शकतो, पण तो निदान झाल्यावर घ्यायचा.

ज्यांच्या घरी आत्ता हेजहॉग आहे, त्यांच्यासाठी जे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं: दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. खाली पांढरं कापड अंथरा, म्हणजे रक्त लपणार नाही. मादी असेल आणि रक्त दिसलं, तर लघवीचं इन्फेक्शन हे उत्तर सोनोग्राफीशिवाय स्वीकारू नका. तोंड सुजलं, लाळ आली, खाताना घास पडायला लागला, तर भूल देऊन तोंड उघडून बघायला सांगा. जागेपणी हेजहॉगचं तोंड नीट बघता येत नाही. मागचे पाय लटपटायला लागले, तर लगेच त्या प्रसिद्ध 'डगमगत्या हेजहॉग'च्या आजाराचा शिक्का मारू देऊ नका. त्याचं पक्कं निदान मेल्यावर मेंदू आणि मज्जारज्जू तपासूनच होतं, आणि मणक्याजवळची किंवा मेंदूतली गाठही हुबेहूब तसंच करू शकते. भूल म्हटल्यावर घाबरू नका. गॅसची भूल जाणत्या हातात बरीच सुरक्षित असते. डॉक्टरांना सरळ विचारा, "तुम्ही याआधी किती हेजहॉग बघितलेत?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि प्राणी गेला, तर जमल्यास शवविच्छेदन करू द्या. मुलं रडतील, तरी. पुढच्या कुणाच्या तरी फणससाठी.

ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आणू नका. माझं मत विचाराल तर एवढंच. दुकानातून मागणी थांबली की खोकी येणं थांबेल. आणि दुकानांची नोंदणी ज्यांनी तपासायची, त्या जिल्ह्यातल्या साहेबांनी एकदा खाली उतरून कोणत्या दुकानात प्रमाणपत्र भिंतीवर लागलंय तेवढं तरी मोजावं. आकडा मी इथं छापायला तयार आहे.

हे लिहायच्या आधी काल संध्याकाळी त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. गिऱ्हाईक म्हणून. वय विचारलं, म्हणाला, "लहान आहे, दोन-तीन महिन्यांचा." डॉक्टर कुठला बघतो विचारलं, म्हणाला, "गरजच लागत नाही, सर." मग विचारलं, नर आहे की मादी?

म्हणाला, "तुम्हाला कुठला पाहिजे?"